श्रद्धा माझी, पण घडवली कोणी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धर्मावर गप्पा सुरू झाल्या की वाद फिरूनफिरून देव आहे की नाही यावरच येतो. तो वाद इथे घालायचा नाही. माणूस धर्माच्या जवळ का जातो, लांब का जातो, आणि यात घर, पैसा, सरकार, शेजारीपाजारी यांचा हात किती, एवढंच बघायचं आहे. मला हे प्रश्न सारखे विचारले जातात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

श्रद्धा ही खासगी गोष्ट आहे. त्यात समाज कुठून आला?

एक साधी गोष्ट बघा. जगातले बहुतेक लोक ज्या धर्मात जन्मले त्याच धर्मात मरतात. सगळे धर्म नीट तपासून, त्यातला एक पसंत करून घरी आणणारा माणूस विरळाच. म्हणजे ज्याला आपण 'माझी श्रद्धा' म्हणतो, तिचा पहिला मसुदा दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेला असतो. पुढे आपण त्यात खाडाखोड करतो, काही जण तो फाडूनही टाकतात, पण फाडायलाही तो हातात असावा लागतो.

धर्माच्या समाजशास्त्राची पायाभरणी करणाऱ्यांत एमिल दुर्खाइमचं नाव पहिलं येतं. १८५८ मध्ये फ्रान्समधल्या एपिनालला जन्म, घरात पिढ्यानपिढ्या रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू. हा मुलगाही रब्बीच व्हायचा, पण त्याने तो रस्ता सोडला आणि त्याची श्रद्धाही गेली. धर्माचं कुतूहल मात्र सुटलं नाही. १९१२ मध्ये त्याने मांडलं ते थोडक्यात असं: माणसं एकत्र जमतात, एका तालात गातात, नाचतात, तेव्हा प्रत्येकाला आपल्याहून मोठं काहीतरी अंगात आल्यासारखं वाटतं. ते मोठं काहीतरी म्हणजे समूहच. आपल्याला वाटतं आपण देवापुढे वाकलोय, दुर्खाइम म्हणतो आपण एकमेकांपुढे वाकलेलो असतो.

गंमत म्हणजे ज्या ऑस्ट्रेलियन आदिवासींच्या विधींवर त्याने हे सगळं उभं केलं, तिथे तो कधी गेलाच नाही. इतरांनी लिहिलेलं वाचून लिहिलं. त्यावरून पुढे त्याच्यावर टीकाही पुष्कळ झाली. पण भरल्या मैदानात हजारो आवाज एक होताना ज्याच्या अंगावर काटा आला असेल, त्याला दुर्खाइमचं म्हणणं पटवून द्यावं लागत नाही.

पण 'धार्मिक' कुणाला म्हणायचं? हे मोजतात तरी कसं?

इथेच निम्मे घोळ होतात. अभ्यासक ढोबळमानाने तीन गोष्टी वेगळ्या काढतात: मानणं, पाळणं आणि आपण 'त्यातले' असणं. या तिन्ही एकत्र चालतीलच असं नाही. ब्रिटनबद्दल समाजशास्त्रज्ञ ग्रेस डेव्ही यांनी १९९४ मध्ये दाखवलं की देवावर थोडाफार विश्वास असलेले पुष्कळ आहेत, पण चर्चशी त्यांचं देणंघेणं नाही. स्कँडिनेव्हियात उलटं चित्र सापडतं: नाव चर्चच्या यादीत, बारसं आणि अंत्यविधी चर्चमध्ये, पण विश्वासाचं विचाराल तर खांदे उडवतील.

जपान तर मोजणाऱ्याची परीक्षाच घेतो. तिथे धर्मसंस्थांनी सरकारला कळवलेल्या अनुयायांची बेरीज केली तर ती देशाच्या लोकसंख्येच्या बरीच पुढे जाते, कारण एकच माणूस शिंतो या तिथल्या मूळ धर्माच्या देवस्थानाच्या हिशेबात असतो आणि बौद्ध मंदिराच्याही. त्यालाच विचारलं, तुमचा धर्म कोणता, तर 'काही नाही' असंही सांगेल. खोटं बोलत नसतो तो. प्रश्नच त्याच्या मापाचा नसतो. आपल्या 'धर्म' शब्दाचंही तसंच आहे. कर्तव्य, स्वभाव, दानपुण्य आणि सरकारी अर्जातला रकाना, या सगळ्याला आपण एकच शब्द वापरतो.

एक आकडा हाताशी असू द्या. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन पाहणी संस्थेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगातली सुमारे ७६ टक्के माणसं स्वतःला कुठल्या ना कुठल्या धर्माची म्हणवत होती, २४ टक्के कुठल्याच नाही.

सर्वेक्षणात लोक खरं सांगतात का?

पूर्ण खोटं नाही सांगत, पण स्वतःचा बरा फोटो देतात. अमेरिकेत वर्षानुवर्षं साधारण ४० टक्के लोक सांगायचे की आम्ही दर आठवड्याला चर्चला जातो. १९९३ मध्ये तीन संशोधकांनी सांगण्यावर न जाता प्रत्यक्ष चर्चमधली डोकी मोजली. आकडा जवळपास निम्मा निघाला. मग आणखी एक युक्ती करून पाहिली गेली: चर्चचा विषयच काढायचा नाही, फक्त 'कालचा दिवस उठल्यापासून कसा गेला ते सांगा' म्हणायचं. तेव्हाही चर्चला जाणारे बरेच कमी भरले.

यातून लोक लबाड आहेत असं मला तरी वाटत नाही. 'जाता का?' या प्रश्नाला 'मी जाणाऱ्यांतला आहे' असं उत्तर मिळतं, इतकंच. आपण कोण आहोत हे सांगायची ती पद्धत आहे. माझ्या एका मित्राला अशाच पाहणीसाठी फोन आला होता. शेजारी आई बसलेली. 'रोज प्रार्थना करता का?' यावर तो क्षणभर आईकडे बघून 'हो' म्हणाला. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, 'कधीपासून?'

घरच्यांचा प्रभाव खरंच इतका असतो?

असतो, पण नुसत्या सांगण्याचा नसतो. दक्षिण कॅलिफोर्नियात व्हर्न बेंग्टसन आणि सहकाऱ्यांनी १९७० पासून साडेतीनशेच्या वर कुटुंबांचा पिढ्यानपिढ्या मागोवा घेतला. आईवडील किती कट्टर, किती नेमाने पाळणारे, याहूनही मुलाला त्यांच्याबद्दल जवळीक किती वाटते, हे महत्त्वाचं ठरलं. विशेषतः वडिलांची ऊब. धर्माच्या बाबतीत कडक पण मुलापासून तुटलेल्या बापाची श्रद्धा मुलाकडे फारशी उतरत नाही.

दुसरी गोष्ट मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेनरिक सांगतो. मूल शब्दांपेक्षा किंमत बघतं. मोठी माणसं श्रद्धेपायी काही सोडतात का, झोप मोडतात का, पैसा घालवतात का? तोंडाने 'देवावर विश्वास ठेव' म्हणणारा आणि स्वतः गरजेच्या वेळी भलत्याच गोष्टीवर विसंबणारा माणूस मुलाला बरोब्बर कळतो. पुष्कळ घरांत श्रद्धा भांडून जात नाही. आजी पाळायची, आई पाळल्यासारखं करायची, मुलगी विसरली, अशी ती झिरपून जाते.

संकट आलं की माणूस देवाकडे वळतो म्हणतात. खरं आहे का?

बरंचसं खरं आहे, आणि यावर पुरावाही इतर प्रश्नांपेक्षा चांगला आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की पापुआजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिला होता. तिथले लोक दोन प्रकारे मासेमारी करायचे. एक आतल्या शांत खाजणात: पाण्यात वनस्पतीचं विष कालवायचं, मासे वर येतात, गोळा करायचे. धोका नाही, मासळी हमखास. दुसरी खुल्या समुद्रात, जिथे होडी उलटू शकते आणि हात हलवत परत यावं लागू शकतं. माणसं तीच, श्रद्धाही त्याच. पण मंत्र, विधी, पथ्यं सगळी खुल्या समुद्राच्या वाट्याला. खाजणात कुणी मंत्र म्हणत बसत नसे. ते लोक भोळे होते असा याचा अर्थ नाही. जाळं, होडी, वारा यांचं त्यांचं ज्ञान पक्कं होतं. जिथे ते ज्ञान संपायचं, तिथपासून पुढे मंत्र सुरू व्हायचे.

आता अलीकडचं. न्यूझीलंडमध्ये २२ फेब्रुवारी २०११ ला क्राइस्टचर्चला भूकंप झाला, १८५ माणसं गेली. योगायोगाने तिथे त्याच त्या लोकांना दर काही काळाने प्रश्न विचारणारं मोठं सर्वेक्षण आधीपासून चालू होतं. त्यामुळे आधी आणि नंतर अशी तुलना करता आली. देशात इतरत्र धर्म मानणारे कमी होत होते, पण ज्यांना भूकंपाची झळ थेट बसली त्यांच्यात ते थोडे वाढले. यातली मला सर्वांत लक्षात राहिलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. नव्याने श्रद्धाळू झालेल्यांची तब्येत काही विशेष सुधारली नाही. पण भूकंपात ज्यांची असलेली श्रद्धा गेली, त्यांना आपली प्रकृती ढासळल्यासारखी वाटत होती.

यानेट बेंटझेन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी हेच जगभराच्या पातळीवर पाहिलं: नुकताच भूकंप झालेल्या भागातले लोक जास्त धार्मिक होतात. मार्च २०२० मध्ये, महासाथ पसरत असताना, गूगलवर प्रार्थनेचे शोध एकदम उसळलेलेही त्यांनीच दाखवले. रात्री एकट्याने मोबाइलवर 'प्रार्थना' टाइप करणाऱ्याला कुणाला काही दाखवायचं नसतं, म्हणून मला हा आकडा सर्वेक्षणांपेक्षा भरवशाचा वाटतो.

म्हणजे सुबत्ता आली की धर्म ओसरतो?

राज्यशास्त्रज्ञ पिप्पा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट यांनी २००४ मध्ये जवळपास हेच मांडलं, फक्त त्यांचा शब्द 'सुरक्षितता' होता. खिशात पैसा किती यापेक्षा उद्याची धास्ती किती, हे बघायचं. आजारी पडलो तर उपचार मिळतील का, नोकरी गेली तर घर चालेल का, म्हातारपणी कोण बघेल? या प्रश्नांची उत्तरं जिथे राज्यव्यवस्था देते, तिथे धर्माचं काम कमी होतं.

लगेच कुणीतरी अमेरिकेचं नाव घेतं. श्रीमंत देश, तरी युरोपपेक्षा कितीतरी धार्मिक. एक उत्तर असं की तिथे पैसा आहे पण आधाराचं जाळं विरळ आहे. दुसरं उत्तर समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क आणि त्याच्या साथीदारांचं: सरकारी चर्च नसल्यामुळे तिथे पंथांत बाजारातल्यासारखी चुरस आहे, प्रत्येकाला अनुयायी मिळवायला धडपडावं लागतं, म्हणून धर्म जिवंत राहतो. ही दोन्ही उत्तरं मला पटायची, पण आता अमेरिकेतही उतार लागलाय. गॅलप या संस्थेच्या पाहणीत धर्मस्थळाचं सभासदत्व १९९९ मध्ये ७० टक्के होतं, २०२० मध्ये ४७. चुरस तर तीच आहे. तेव्हा चुरशीचं उत्तर एकट्याने पुरेसं नाही.

पीटर बर्गरचा किस्सा इथे सांगायलाच हवा. १९६८ मध्ये या नामवंत समाजशास्त्रज्ञाने भाकीत केलं होतं की एकविसाव्या शतकापर्यंत श्रद्धाळू लोक लहानलहान गटांत, एकमेकांना धरून बसलेले तेवढे उरतील. १९९९ मध्ये त्यानेच जाहीरपणे कबूल केलं की आपलं चुकलं, जग पूर्वीइतकंच धार्मिक आहे. आपली चूक अशी छापून देणारे विद्वान थोडे.

'धर्म ही अफू आहे' असं मार्क्स म्हणाला होता ना?

म्हणाला होता, १८४४ मध्ये छापलेल्या लेखात. पण त्याच परिच्छेदात त्याच्या आधीचं वाक्य लोक गाळतात: धर्म म्हणजे दबलेल्या जिवाचा उसासा, निर्दय जगाचं हृदय. अफू तेव्हा वेदनेवरचं रोजचं औषधही होतं. त्याचा राग वेदना देणाऱ्या व्यवस्थेवर होता.

शिक्षणाने श्रद्धा कमी होते का?

देशावर अवलंबून. अमेरिकेत तर पदवीधर ख्रिस्ती चर्चला जाण्यात मागे नाहीत, उलट शिकलेला माणूस समित्या, बैठका, कार्यक्रम या सगळ्यातच जास्त सापडतो. शिक्षणासोबत नोकरी, शहर आणि नवे मित्रही येतात, त्यामुळे नेमकं कशाने काय झालं हे सुटं करणं अवघड.

बायका पुरुषांपेक्षा धार्मिक असतात, हे स्वभावामुळे का?

आधी फरक किती ते बघू. प्यूच्या २०१६ च्या अहवालानुसार जगात ८३.४ टक्के स्त्रिया स्वतःला कुठल्यातरी धर्माच्या म्हणवतात, पुरुष ७९.९. एवढासाच. आणि तोही सगळीकडे एका दिशेने नाही. ख्रिस्ती देशांत चर्चमध्ये बायका जास्त, तर मुस्लिम समाजात मशिदीतल्या नमाजाला पुरुष जास्त, कारण सामूहिक नमाजाची अपेक्षाच पुरुषांकडून आहे. ज्यू सनातन्यांतही हेच. ख्रिस्ती देशांत नोकरी करणाऱ्या बायका घरी असणाऱ्या बायकांपेक्षा कमी धार्मिक आढळल्या. सगळं स्वभावात असतं तर नोकरीने आणि नियमाने ते असं हललं नसतं.

माझं स्वतःचं निरीक्षण: घरातलं आजारपण, बाळंतपण, म्हाताऱ्यांचं करणं ज्याच्या अंगावर असतं, त्याच्या वाट्याला मालिनोव्स्कीचा तो खुला समुद्र जास्त येतो. हे काम बहुतेक घरांत कुणाकडे असतं ते सांगायला नको.

तरुण पिढी धर्मापासून लांब चाललीय का?

प्यूने २०१८ मध्ये १०६ देश पाहिले. ४६ देशांत चाळिशीच्या आतल्यांना धर्म मोठ्यांपेक्षा कमी महत्त्वाचा वाटत होता. उलटा प्रकार फक्त दोन ठिकाणी: जॉर्जिया आणि घाना. उरलेल्या देशांत म्हणावा असा फरक नाही. 'वय झालं की येतील परत' हे सांत्वन थोडंफार खरं आहे, पण लहानपणी जे कधी शिकवलंच नाही, त्याकडे परत कसं येणार?

सरकारने ठरवलं तर धर्म संपवता येतो का?

अल्बानियाने १९६७ मध्ये धर्मावर सरसकट बंदी घातली आणि स्वतःला पहिलं नास्तिक राष्ट्र म्हणवून घेतलं. १९९० मध्ये बंदी उठली, धर्म परत वर आले. पण एवढ्यावरून 'दाबलं की उसळतं' म्हणायची घाई करू नका. साम्यवादी राजवटीतला पूर्व जर्मनी बघा.

तिथली पद्धत बंदीपेक्षा धूर्त होती. प्रोटेस्टंट घरांत चौदाव्या वर्षाच्या आसपास मुलाची चर्चमध्ये दृढीकरणाची दीक्षा व्हायची. १९५४ पासून सरकारने त्याच वयासाठी 'युगेंडवायहे' नावाचा समारंभ जोरात चालवला. नवे कपडे, भाषणं, फुलं, भेटीला पुस्तक, घरी नातेवाइकांची मेजवानी. देव तेवढा वगळलेला, बाकी सगळं तसंच. नाकारलं तर मुलाच्या पुढच्या शिक्षणावर गदा येण्याची भीती. आईबापांनी हिशेब केला. १९९० मध्ये ती राजवट गेली, पण चर्च परत भरली नाहीत, जगातल्या सर्वांत निधर्मी प्रदेशांत आजही त्या भागाची गणना होते. आणि युगेंडवायहे? तो अजून चालू आहे. आता कुणाची सक्ती नाही, आईबाबांचा झाला होता म्हणून मुलांचा होतो.

शेजारच्या पोलंडमध्येही तशीच राजवट होती, पण तिथे कॅथलिक चर्च हेच राष्ट्राचं घर झालं. जून १९७९ मध्ये मूळचे पोलंडचेच असलेले पोप जॉन पॉल दुसरे मायदेशी आले तेव्हा लाखोंनी लोक जमले, पुढच्याच वर्षी 'सॉलिडॅरिटी' ही कामगार संघटना उभी राहिली. चर्चला जाणं म्हणजे सरकारला न बोलता 'नाही' म्हणणं. धर्म लोकांच्या बाजूने उभा दिसतो की सत्तेच्या, यावर पुष्कळ ठरतं. आयर्लंडमध्ये चर्च सत्तेच्याच जागी जाऊन बसलं होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दहापैकी नऊ कॅथलिक दर आठवड्याला मिसाला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, जात. मग मुलांच्या छळाची प्रकरणं एकामागोमाग एक बाहेर आली, आणि २०१५ मध्ये समलिंगी विवाह, २०१८ मध्ये गर्भपात, दोन्ही सार्वमतांत लोकांनी चर्चच्या विरोधात मोठ्या फरकाने मत दिलं.

कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात तर कुणी दडपशाहीही केली नाही. १९६० नंतर सरकारने शाळा आणि दवाखाने चर्चकडून आपल्याकडे घेतले, आणि एका पिढीत चर्च ओस पडली.

लोक धर्म बदलतात ते पटलं म्हणून की आणखी कशासाठी?

१९६५ मध्ये जॉन लॉफलंड आणि रॉडनी स्टार्क यांनी अमेरिकेतल्या एका छोट्या नव्या पंथाचा जवळून अभ्यास प्रसिद्ध केला. सामील झालेले बहुतेक जण आधीच्या सदस्यांचे मित्र, नातलग, सोबत राहणारे निघाले. पंथाबाहेरची नाती ज्यांची घट्ट होती ते प्रवचन ऐकून घरी गेले. म्हणजे शिकवण पटते, पण बहुतेकदा मैत्री जुळल्यानंतर. विचारलं तर मात्र जो तो शिकवणीचंच नाव सांगतो.

याला मोठा अपवाद म्हणजे ठरवून, जाहीरपणे, समूहाने केलेलं धर्मांतर. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. मधली एकवीस वर्षं अभ्यासाची होती. इथे सामाजिक कारण नकळत काम करत नव्हतं, तेच उघडपणे पुढे ठेवलेलं होतं: जो धर्म माणूस म्हणून वागवत नाही, त्यात का राहायचं?

परदेशी गेल्यावर माणसं जास्त धार्मिक का होतात?

सगळी होत नाहीत. पण अमेरिकेत गेलेल्या कोरियन लोकांत चर्चला जाणाऱ्यांचं प्रमाण मायदेशातल्यापेक्षा बरंच जास्त आहे. पहिल्या आठवड्याचं चित्र डोळ्यांपुढे आणा. भाषा येत नाही, घर मिळालेलं नाही, मुलाच्या शाळेचा अर्ज टेबलावर पडलाय. प्रार्थना संपल्यावर सगळे एकत्र जेवायला बसतात, शेजारचा माणूस आपल्याच भाषेत विचारतो, 'कुठे उतरलात?' आणि अर्ज भरून देतो. पुढच्या आठवड्यात तुम्ही जाणार. श्रद्धेचं मग बघू.

उलटंही होतं. जिथे कुणी ओळखत नाही, तिथे 'आज दिसला नाहीत' म्हणणारंही कुणी नसतं. कित्येकांची श्रद्धा सवयीवर नव्हे तर त्या एका वाक्यावर टिकून होती, हे त्यांना नव्या शहरात कळतं.

धार्मिक माणसं जास्त सुखी असतात का?

अमेरिकेत चाओयून लिम आणि रॉबर्ट पटनम यांनी हे सोलून पाहिलं, २०१० मध्ये छापलं. नियमित जाणारे जास्त समाधानी होते, पण तिथे जिवाभावाचे मित्र असतील तरच. एकटं जाऊन एकटं परत येणाऱ्याला फारसा फायदा दिसला नाही. मग नुसता क्लब लावला तर? तेही नाही. मैत्रीला 'आपण एका गोष्टीचे आहोत' ही भावना जोडलेली लागते.

कडक नियमांचे पंथ मोडून पडत कसे नाहीत?

रिचर्ड सोसिस याने एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या दोनशे सामूहिक वसाहती तपासल्या. धार्मिक वसाहती कुठल्याही वर्षी टिकून राहण्याची शक्यता निधर्मी वसाहतींच्या साधारण चौपट. आणि धार्मिक वसाहतींत जितके नियम जाचक तितकं आयुष्य जास्त. शेकर या ख्रिस्ती पंथात तर लग्नच वर्ज्य, खासगी मालमत्ता वर्ज्य, तरी पंथ दोन शतकं ओलांडून गेला. जाच सोसायला तयार असलेला माणूस अर्धवट मनाचा नसतो, त्याच्यावर विसंबता येतं.

हे सगळं मानलं तर श्रद्धा खोटीच ठरते ना?

नाही. मला पाढे शाळेत शिकवले म्हणून ते खोटे होत नाहीत. एखादा विचार माझ्यापर्यंत कुठल्या वाटेने आला आणि तो खरा आहे का, हे दोन वेगळे प्रश्न. शिवाय हाच न्याय लावायचा तर पूर्व जर्मनीतला नास्तिक तरी कुठे सगळं वाचून नास्तिक झालाय? त्याला घरात कुणी देवाचं नावच घेतलं नाही. 'तुझी श्रद्धा संस्काराने आलेली' असं म्हणणाऱ्याने आपली अश्रद्धा कुठून आली तेही एकदा बघावं.

तुम्ही स्वतः मानता का?

हा प्रश्न दर वेळी येतो. उत्तर देण्याआधी मी खोलीत कोणकोण बसलंय ते बघतो. कारण वर दिलंच आहे, तिसऱ्या प्रश्नात.